सोन्याचं मांजर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण विचाराल तर घरात दोन पाहुणे आले आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटवता पटवता माझे चार-पाच महिने गेले. पाहुणे तरी कसं म्हणू, दोघंही कायमचे राहायला आलेले. एक माझी थोरली बहीण अक्का, वय वर्षं ऐंशी. दुसरं एक मांजर, वय अंदाजे आठ महिने.

अक्का गेल्या उन्हाळ्यात वाईहून आमच्याकडे पुण्याला आली. दाजी जाऊन चार वर्षं झाली. तिला मूलबाळ नाही. एवढं घर एकटीनं सांभाळणं होईना, गुडघेही कुरकुरायला लागले. मी आणि मुलानं मिळून गळ घातली तेव्हा कुठे घराला कुलूप लागलं. पण आल्यावर सहा महिने तिनं आपली ट्रंक पूर्ण रिकामी केली नव्हती. वरची चार पातळं काढायची, धुऊन पुन्हा तिथेच ठेवायची. आम्हाला ते दिसत होतं, पण विषय कुणी काढत नव्हतं.

दिवाळीनंतर नातीनं मांजर आणलं. कुणाच्या तरी पार्किंगमध्ये सापडलेलं, तपकिरी पट्ट्यांचं. नाव ठेवलं कॅरॅमल. अक्का तेव्हा स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मांजर दिसल्याबरोबर तिच्या हातातलं ताट खाली पडलं. ती उठून खोलीत गेली आणि संध्याकाळी मला म्हणाली, "बापू, मला उद्या वाईच्या गाडीत बसवून दे. ते राहणार असेल तर माझं इथे काही खरं नाही."

आमच्या हिला वाटलं, वन्सं सोवळ्याच्या म्हणून असतील. सूनबाईला वाटलं, आत्या घाबरतात. नात तर रडायलाच लागली. मी मात्र मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस मी. कुणाची समजूत काढायची म्हटलं की मी थेट अश्मयुगापासून सुरुवात करतो. (घरचे लोक हे वाचून हसणार आहेत, हसोत!)

तर अक्कापुढे माझा पहिला तास सुरू झाला. म्हटलं, अक्का, माणसानं गाय पाळली, घोडा पाळला, कुत्रा पाळला, पण मांजर कुणी पाळलेलं नाही. ते आपण होऊन आलं. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी लोक शेती करायला लागले, धान्य साठवायला लागले. धान्य आलं म्हणून उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजरं गावाच्या कडेला आली. त्यातली जी फार बुजरी होती ती परत गेली, ज्यांना माणसाचा वावर सोसला ती राहिली. 2007 साली जगभरातल्या जवळजवळ हजार मांजरांचे जनुक तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं की घरोघरच्या मांजरांचं मूळ त्या भागातल्या रानमांजरात आहे. नेमकं कुठे, कधी आणि किती वेळा ते माणसाळलं यावर अजून वाद चालू आहेत, पण उंदीर आणि धान्य ही जोडी बहुतेकांना मान्य आहे.

मग सायप्रसची गोष्ट सांगितली. त्या बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एका माणसाचं दफन सापडलं. त्याच्यापासून जेमतेम 40 सेंटिमीटरवर, वेगळ्या छोट्या खड्ड्यात, एक मांजर नीट निजवलेलं होतं. त्याचं वय आठ महिने, म्हणजे अगदी आमच्या कॅरॅमलएवढंच. बेटावर मूळची रानमांजरं नव्हती. तेव्हा कुणीतरी होडीत घालून ती नेली असली पाहिजेत.

अक्का ऐकून म्हणाली, "मेल्यावर शेजारी पुरलं ना? मग जिवंतपणी कशाला हवं?"

मी चिकाटी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी इजिप्त झालं. तिथे बास्तेत नावाची मांजराच्या तोंडाची देवी होती, आणि घरचं मांजर मेलं की घरातली सगळी माणसं भुवया भादरत, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे. मग सिंधू संस्कृतीतल्या चान्हुदडोची ती वीट सांगितली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं आणि मागून कुत्रं. दोघांचे पंजे विटेवर उमटले, वीट भाजली गेली आणि चार हजार वर्षांनी ती पाठशिवणी आपल्या हाती आली. वर्गात ही गोष्ट सांगितली की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा हसायची. अक्का हसली नाही.

संस्कृत वाङ्मयानं तर माझीच पंचाईत केली. पाणिनीच्या सूत्रात कायमचं वैर असणाऱ्यांच्या समासाचा नियम आहे आणि त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे मार्जारमूषकम्. पंचतंत्रातला दधिकर्ण बोका धर्माच्या गप्पा मारत सशाला आणि पक्ष्याला जवळ बोलावतो आणि खातो. हितोपदेशातला दीर्घकर्ण तसाच. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या मोठ्या शिल्पात एक मांजर हात वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर आहेत. ढोंगी माणसाला बैडालव्रतिक म्हणतात तेही यातूनच. मांजराच्या बाजूनं बोलायला मला एक शांतिपर्वच सापडलं. तिथे जाळ्यात अडकलेला लोमश बोका आणि पलित नावाचा उंदीर जिवावर बेतल्यावर तात्पुरती मैत्री करतात. पण संकट टळल्यावर उंदीर त्याच्याजवळ जात नाही, हेही खरं. वकीलपत्र घेतलं आणि साक्षीदार उलटले, अशी माझी गत.

शेवटी हुकमाचा पत्ता काढला, तो आपल्या मातीतला. 1896 साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात तो आला, त्याच मार्च महिन्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. हे सगळं आपण पुस्तकात वाचतो. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं 1898 साली कराचीत दाखवलं, तरी त्यावर सगळ्यांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. उंदराचा संबंध पक्का झाल्यावर मांजराचा विचार पुढे आला. आपल्या अमरावतीला लेफ्टनंट कर्नल ब्युकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी खेड्यांतल्या घरांतली मांजरं मोजली आणि जिथे मांजरं पुष्कळ तिथे प्लेग कमी, असं 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख जपानला गेले होते, त्यांनीही तिथल्या लोकांना मांजरं पाळा असंच सांगितलं. आता आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो. म्हणजे उपाय काही रामबाण नव्हता. पण त्या काळात एक सरकारी डॉक्टर घरोघरची मांजरं मोजत हिंडला, ही गोष्ट मला फार आवडते.

हे सांगताना ओघात म्हणून गेलो, "अक्का, आपली आजी सांगायची ना, गाठीच्या तापात सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं होतं म्हणून? तेव्हा घरात मांजर असतं तर..."

अक्का एकदम म्हणाली, "त्याच आजीनं मला सांगितलं होतं, हे तुझ्या हातून फिटायचं नाही म्हणून."

माझा तास तिथेच संपला.

अक्का नऊ वर्षांची होती, मी तीन. म्हणजे साल 1954 च्या आसपासचं. कोठीच्या खोलीचं दार जुन्या सागवानी फळ्यांचं, जड. आईनं शेंगा आणायला पाठवलं, हिनं घाईघाईत शेंगा घेतल्या आणि दार ओढलं. चौकटीत मांजराचं पिल्लू होतं. बाकीचं मी लिहीत नाही. आजी तेव्हा साठीच्या पुढची. ती म्हणाली, मांजराची हत्या झाली, काशीला सोन्याचं मांजर वाहिल्याशिवाय हे पाप फिटत नाही. वडिलांच्या पगारात सोन्याचं मांजर कुठून यायचं? आई म्हणाली, पोर आहे, जाऊ द्या. विषय तिथे संपला असं सगळ्यांना वाटलं.

लग्नानंतर अक्काची दोन बाळंतपणं अर्धवट राहिली. कारण त्या काळी कुणी शोधलं नाही. मांजराची गोष्ट एका हळदीकुंकवात कुणाच्या तरी तोंडून तिच्या सासूच्या कानावर गेली आणि तिथून पुढे कारण सगळ्यांना सापडलं. दाजी त्यावर एका शब्दानं कधी बोलले नाहीत. पण अक्काच्या मनात ते पक्कं बसलं. एकाहत्तर वर्षं बसलेलं होतं. मला सख्ख्या भावाला पत्ता नव्हता.

एक गोष्ट मात्र मी लहानपणापासून बघत आलोय. अक्का कुठलंही दार लावताना आधी खाली बघते आणि मग लावते. वाईच्या घरीही, आमच्या फ्लॅटमध्येही. मला वाटायचं, उंबऱ्याला अडखळायची भीती असेल. शिक्षक म्हणून मुलांना सांगायचो की नीट निरीक्षण करा. असो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग जे येतं ते केलं, कपाटातली पुस्तकं काढली. सोन्याच्या मांजराचा माग काढायला मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडला. मांजर, मुंगूस, चाष पक्षी, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड आणि कावळा एकाच यादीत आहेत आणि त्यांच्या हत्येला शूद्राच्या हत्येचं प्रायश्चित्त सांगितलं आहे. माणसाच्या जिवाची ही किंमत वाचून मान खाली जाते. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ का जाळला ते असल्या ओळी वाचताना कळतं. त्या ग्रंथाच्या आधारानं कुणाला निर्दोष ठरवावं असं मला मुळीच वाटत नाही. पण अक्काचा विश्वास शास्त्रावर होता, म्हणून शास्त्रात खरोखर काय आहे ते तिला कळायला हवं होतं. पुढच्याच श्लोकात सोपे पर्याय दिलेत. तीन रात्री नुसत्या दुधावर राहावं, किंवा एक योजन वाट चालावी, किंवा वाहत्या नदीत स्नान करावं, किंवा जलदेवतेचं सूक्त म्हणावं. तिथे काशी नाही आणि सोनंही नाही.

आणि मुलांचा संबंध कुठून आला? आपल्याकडे सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, तीच षष्ठी देवी. बंगालमध्ये षष्ठीचं वाहन मांजर आहे. तिथल्या व्रतकथेत एक सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घालते. मांजर रागावून तिची मुलं देवीकडे नेऊन ठेवतं. शेवटी सून चूक कबूल करते आणि तिची सगळी मुलं तिला परत मिळतात. मांजराला दुखावलं तर पोटच्या मुलांवर येतं, ही समजूत इतकी जुनी आणि अशी लांबवर पसरलेली आहे. पण त्या कथेतही सुनेचा दोष खोटं बोलण्याचा होता. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून लागलेल्या दाराचा तिथे काही संबंध नाही.

सकाळी चहा घेताना हे सगळं अक्काला वाचून दाखवलं. या वेळी व्याख्यान केलं नाही, पुस्तक तिच्या हातात दिलं आणि श्लोकावर बोट ठेवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"योजन म्हणजे रे किती?"

"चार कोस. बारा-तेरा किलोमीटर धर."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी आणि हे सात वर्षं वारीला गेलो. आळंदी ते पंढरपूर, पायी. दर वर्षी नीरेत अंघोळ, चंद्रभागेत अंघोळ."

मी मनात हिशेब करत होतो, अडीचशे किलोमीटर गुणिले सात. तिनं तो माझ्या आधी केला असावा. पदर डोळ्याला लावला आणि एवढंच म्हणाली, "यांना कळायला हवं होतं."

तुम्हाला वाटेल, त्याच दिवशी अक्कानं मांजराला मांडीवर घेतलं. छे! मनातली समजूत गेली तरी अंगातली भीती तशी जात नाही. दाराचा आवाज झाला की ती अजून दचकायची. पण वाईच्या गाडीचं नाव काढेनाशी झाली, तेवढ्यावर आम्ही समाधान मानलं.

इथे मला माझ्याच पहिल्या तासाचा उपयोग झाला. मांजर माणसाजवळ आलं ते कुणी ओढून आणलं म्हणून नव्हे. हजारो वर्षं ते गावाच्या कडेला राहिलं, एकेक पाऊल पुढे आलं, आणि मागे जायची वाट त्याला कायम मोकळी होती. जनावरांच्या डॉक्टरांनी नातीला सांगितलं तेही हेच. सुरुवातीला त्याला एकच खोली द्या, वाळूचा ट्रे तिथेच ठेवा, लपायला खोका द्या, उचलू नका, टक लावून बघू नका, जेवण ठरल्या वेळी द्या. मी म्हटलं, हेच सगळे नियम अक्कालाही लावू. (वाळूचा ट्रे सोडून!)

मग घरात ठराव झाला. अक्काच्या खोलीत मांजरानं जायचं नाही. हॉलमध्ये ते फक्त संध्याकाळी सहा ते आठ येणार, म्हणजे अक्काला आधीपासून माहीत असेल. "बघा ना आत्या, किती गोड आहे" असं कुणी म्हणायचं नाही. हात लाव म्हणायचं नाही. घरातल्या सगळ्या दारांखाली रबराच्या पाचरी लावल्या, म्हणजे वाऱ्यानं कुठलंही दार आपटणार नाही. हे शेवटचं काम मुलानं कुणी न सांगता केलं. त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असं मला वाटतं.

अक्का संध्याकाळी हॉलमधल्या खुर्चीत बसून हरिपाठ म्हणते. सगळा पाठ आहे, त्यामुळे डोळे मिटलेले, मधेच अर्धवट उघडायचे, पुन्हा मिटायचे. आमच्यापैकी प्रत्येक जण मांजरानं आपल्याकडे यावं म्हणून खटपट करत होता. नात दोरी हलवायची, मी चुकचुक करायचो. आणि ते मांजर दर दिवशी थोडं थोडं करत अक्काच्या खुर्चीकडे सरकायला लागलं. आधी टीव्हीपाशी, मग सोफ्याच्या पायाशी, मग हातभर अंतरावर. नातीनं मला मोबाईलवर वाचून दाखवलं की 2020 साली इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर प्रयोग केलेत. मांजराकडे बघून सावकाश डोळे मिचकावले की ते जास्त विश्वासानं जवळ येतं. मांजराच्या भाषेत टक लावणं म्हणजे धमकी आणि डोळे मिटणं म्हणजे अभय. आपण मात्र "मांजर डोळे मिटून दूध पितं" म्हणून त्याला लबाड ठरवलंय! महाबलीपुरमला तप करणाऱ्या मांजरापाशी उंदीर जमले होते, आमच्याकडे जप करणाऱ्या अक्कापाशी मांजर.

एक दिवस हरिपाठ संपला आणि अक्कानं डोळे उघडले तर ते तिच्या पायाशी झोपलेलं. सूनबाई उचलायला धावली. अक्का हळूच म्हणाली, "राहू दे. निजलंय." आणि पाऊण तास पाय न हलवता बसून राहिली. गुडघे दुखणाऱ्या बाईला पाऊण तास म्हणजे किती, ते ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच कळेल.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मी एक गोष्ट टिपत होतो. नोव्हेंबरात अक्का त्याला "ते" म्हणायची. जानेवारीत "मांजर" म्हणायला लागली. संक्रांतीनंतर कधीतरी "ती जेवली का गं?" असं नातीला विचारताना ऐकलं. आता "मने" अशी हाक मारते. कॅरॅमल हे नाव तिच्या तोंडात बसत नाही, आणि मनीही त्या नावाला ओ देत नाही, म्हणून नातीनंही आता नाद सोडलाय.

त्याच सुमारास अक्कानं ट्रंक रिकामी केली. पातळं कपाटात गेली, दाजींचा फोटो भिंतीवर आला. ट्रंक गच्चीवर टाकू का विचारलं तर म्हणाली, "नको, तिच्यावर उन्हाला मनी बसते."

परवा रात्री पाणी प्यायला उठलो. अक्काच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. खाली एका जुन्या पातळाची घडी करून अडकवलेली, दार आपोआप लागू नये म्हणून. रबराची पाचर बाजूला पडली होती. सकाळी विचारलं, तर म्हणाली, "रबर सरकतं रे. कापडाचं पक्कं बसतं."